चोवीस जूनपर्यंत पाऊस नको

तळं कधी भरणार? एवढंच विचारलं होतं मी. तुम्हाला सांगतो, एक शब्द जास्ती न्हाई, शिवी न्हाई, काही न्हाई, आणि तळ्याच्या हापिसातला तो साहेब माझ्याकडं असा बघाया लागला जसं मी त्याच्या डब्यातली भाजी मागितली. म्हणला, "का रे, लई घाई हाय?" म्हणलं, साहेब, उलटं हाय, मला उशीर पाहिजे, चोवीस जूनपर्यंत एक थेंब पडला न्हाई पाहिजे. झालं… सगळं हापिस उठून बघाया लागलं. तीन वर्षं दुष्काळ, बाया टँकरमागं पळून राहिल्यात, आमच्या गावात महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून देवाला कोंडायचं ठरलंय आणि कोंडायला पाणी न्हाई म्हणून देव मोकळा बसलाय, आणि ह्याला म्हणे पाऊस नको. शिपाई म्हणला, "साहेब, ह्याला ऊन लागलं."

मला न्हाई लागलं. माझ्या भावाला लागलं.

मन्मथअण्णा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी चौथीतनं शाळा सोडली तवा त्यानं मला चिंचेच्या फोकानं मारलं आणि मारून झाल्यावर स्वतःच रडत बसला, असला माणूस. त्याच्याकडं एक रेडिओ होता, गाळ काढायच्या कामावर जाताना फावड्याच्या दांड्याला लटकवायचा, आणि त्यात ती बाई असती ना, गोड आवाजाची, नाकात बोलल्यासारखी… "मराठवाड्यात हवामान कोरडे राहील, तापमानात विशेष बदल नाही." अण्णाचा तिच्यावर लई विश्वास. म्हणायचा, शिकलेली बाई हाय, उगं बोलणार न्हाई. वीस मेला दुपारी मी म्हणलं, अण्णा, बस जरा, डोक्यावर तवा ठेवल्यागत व्हाया लागलंय. म्हणला, "पंच्या, बदल न्हाई म्हणून राहिली ती, काल मेलो का आपण?" आणि गेला पाटी उचलून. पाटीसकट पडला. पाणी लावलं, कांदा फोडून नाकाला लावला, काही झालं न्हाई. दिवस बुडताना बातम्या लागल्या तर तीच बाई, तोच आवाज, तापमानात विशेष बदल नाही. कसा असंल बाई? कालचं त्रेचाळीस, आजचं त्रेचाळीस, मधी एक माणूस कमी झाला तो तुझ्या तापमानात कुठं बसतो?

माझाबी दोष सांगतो, लपवत न्हाई. आमच्यात माणसाला मातीत बसवून समाधी देतेत. आमच्या अप्पांची, म्हणजे बापाची, समाधी जुन्या गावाच्या मसणवट्यात. बहात्तरच्या दुष्काळात तळं बांधाया काढलं, गाव उठून टेकाडावर गेलं, आणि अप्पा राहिले खाली पाण्यात. बारा वर्षं कुणी त्यांना बघितलं न्हाई. यंदा तळं तळापर्यंत आटलं तसा अप्पांचा दगडी ओटा वर आला, आम्ही दोघांनी खरवडून गाळ काढला, आणि अण्णा हात पुसत म्हणला, "मी हितंच बसणार बघ, अप्पाच्या शेजारी." सहज म्हणला हो. माणूस काय, म्हणतंय.

पण मी धरून बसलो. चुलते माणिकप्पा म्हणले, "पोरा, ते तळं हाय, वर नवी जागा हाय तिथं चल." म्हणलं, न्हाई, अप्पाच्या शेजारी. ते म्हणले, "पाऊस आला मंजी?" मी म्हणलं… ऐका, मी काय म्हणलो… मी म्हणलं, रेडिओनं कोरडं सांगितलंय. ज्या बाईच्या नादानं भाऊ गेला तिचाच दाखला दिला मी. आणि चार जणांचा हात झिडकारून खड्डा खांदला. शेवटची मूठ टाकली तवा माणिकप्पा हळूच म्हणले, "आता तुझ्या अव्वाला काय दाखवणार?"

अव्वा म्हणजे आई. ती गावात नव्हती, ते राहिलंच सांगायचं. डोळ्यात मोतीबिंदू. अप्पांचा ओटा वर आला म्हणल्यावर अण्णानंच जिद्द धरली, म्हणला, बारा वर्षांनी नवरा वर आलाय आणि हिला दिसू नये? नायगावला आमची बहीण शिवगंगा दिलेली हाय, तिकडं डोळ्याचं शिबिर होतं, तिथं पंधरा मेला आपरेशन केलं. डाक्टरनं बजावलं, चाळीस दिवस वाकायचं न्हाई, हिसका बसू द्यायचा न्हाई, आणि रडायचं तर अजिबात न्हाई, डोळा जाईल. आता मोजा तुम्ही. पाचव्या दिवशी अण्णा गेला. सांगायचं कसं? ठरलं, चोवीस जूनपर्यंत सांगायचं न्हाई, मग चष्मा लावून आणायची, समाधीपाशी बसवायची, आणि मग काय रडायचं ते रड म्हणायचं.

म्हणून हिंडत होतो. हौस न्हाई. लातूर आता जिल्हा झालाय, नवा करकरीत, पाट्यांचा रंग हाताला लागतोय. तळ्याचा साहेब म्हणला, "तुझ्या तळ्याचे कागद अजून जुन्या जिल्ह्यात हायत, तिकडं विचार." तिकडं गेलो. तिकडचा म्हणला, "तुम्ही आता लातूरचे झालात, आमचा काय संबंध?" म्हणलं, तळं तर हाललं न्हाई की हो, हाय तिथंच हाय. म्हणला, "तळं तिथंच हाय, फाईल हालली." मधी कुठंतरी एष्टीत असंल बिचारी.

मग दत्तोपंतांकडं गेलो, मुरुडला, पंचांगवाले. त्यांनी बोटं मोजली, चष्मा कपाळावर नेला, म्हणले, "मृगाचं वाहन गाढव. काही खरं नाही. पाणी आहे ते आर्द्रात, वाहन बेडूक." म्हणलं, आर्द्रा कधी? म्हणले, "बावीस जूनला लागते. पण बेडूक लगेच ओरडतो होय? दोनचार दिवस घेईल." तुम्हाला सांगतो, त्या गाढवाच्या मी पाया पडलो मनातल्या मनात. मारुतीला नारळ कबूल केला, पाऊस पाडू नको म्हणून. गावात कळलं. नीलाबाई विहिरीवर रिकामी घागर आपटून म्हणली, "आमच्या नरड्याला कोरड पडली आणि हा मुडदा पाऊस अडवून राहिला." खरंच होतं की तिचं.

मधी दर आठवड्याला नायगावला जायचं. अव्वा पट्टी बांधून खाटंवर. "पंच्या, मन्मथ का येत न्हाई?" गाळाच्या कामावर हाय, सुट्टी न्हाई. "बरा हाय का?" बरा हाय. "तिकडं काय खबर?" आणि माझ्या तोंडातनं काय निघावं… विशेष बदल न्हाई. थू माझ्या तोंडावर. ती अण्णासाठी धपाटे बांधून द्यायची. फेकवत न्हाईत, गिळवत न्हाईत. बिलोलीच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्याला दिले, तर तो म्हणला, मीठ कमी हाय.

अठरा जूनला रेडिओ लावला. हवामान कोरडे राहील, विशेष बदल नाही. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता फुटलं आभाळ. बेडूक न्हाई, आर्द्रा न्हाई, गाढवच उधळलं. ओढ्याला लोंढा, गाव सगळं बांधावर नाचून राहिलंय, आणि मी खोरं घेऊन समाधीभवती बांध घालून राहिलो, एकटा, तळ्याला अडवाया. माणिकप्पांनी बखोट धरून मला ओढलं, न्हाईतर तिसरा मीच बसलो असतो तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर अप्पा न्हाईत, अण्णा न्हाई, सगळं एकसारखं तांबडं पाणी.

चोवीसला नायगावला गेलो. अव्वाला जाड भिंगाचा चष्मा लावलेला, डोळे म्हशीएवढे दिसून राहिलेत. म्हणलं, अव्वा, अण्णा… ती म्हणली, "म्हाईत हाय." कधीपास्नं? "वीस दिवस झाले. शिवगंगा नाक ओढीत भाकरी थापती, मला काय कान न्हाईत? डोळे त्यानं करून दिले म्हणून रडले न्हाई." म्हणजे बघा. मी हापिसं पालथी घातली, गाढवाच्या पाया पडलो, गावाच्या शिव्या खाल्ल्या, आणि हिला म्हाईत.

आणली तिला. तळ्यावर त्या दिवशी साहेब लोक नव्या पाण्याची पूजा कराया आलेले, ताशा वाजून राहिला. अव्वा बांधावर बसली, त्या पाण्याकडं बघत म्हणली, "कुठं हाय?" बोट करून दाखवलं तर म्हणली, "नुसतं पाणी दिसतंय रे." मग मी सदरा काढला आणि शिरलो. चिखलात पायानं चाचपत गेलो, आधी अप्पांचा ओटा लागला, तिथनं डाव्या हाताला दोन पावलं. छातीइतकं पाणी. तिथं उभा राहिलो आणि हात वर केला. तर समोरनं पूजेच्या साहेबानं मला हात केला, हसून, आणि भवतीच्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवा म्हणलं. बांधावर अव्वा चष्मा पुसायची, लावायची, परत पुसायची, कितीसं दिसत असंल तिला कुणास ठावं. मी वरडलो, दिसलं का? तिनं मान हालवली. चुलते वरडले, "दिसलं म्हणती, ये आता, बाहेर ये." मी हात बदलला, आणि आणखी थोडा वेळ उभा राहिलो.