जेवाल तरच प्याल

...नाही, तुम्हीच सांगा, कोबी खाल्ला की करोना होत नाही हे कुठल्या डॉक्टरानं सांगितलं? कारण डब्लिनच्या सरकारी शहाण्यांनी तसाच नियम काढलाय! ज्या पबात जेवण मिळतं तो उघडा, ज्या पबात नुसती बियर तो बंद! म्हणजे हा विषाणू दारात उभा राहून आधी वास घेतो वाटतं... 'अरेच्चा, इथे बटाटे उकडतायत, चला, पुढच्या घरी!' तिकडे हमरस्त्यावरच्या हॉटेलात लग्नघरासारखी गर्दी, आणि इथे खेड्यात माझ्या चार पिढ्यांच्या पबाला कुलूप! वर मंत्रीसाहेब टीव्हीवरून गळा दाटून सांगतात, 'सर्वांनी थोडा धीर धरावा.' धीर धरा म्हणे!

आणि माझी गिऱ्हाइकं कोण? सहा म्हातारे, बिनलग्नाचे शेतकरी. चार कोपऱ्यांत चार, दोन खिडक्यांशी दोन. अंतर राखा म्हणून यांना सांगायचं? अहो, यांनी जन्मभर अंतर राखलं म्हणून तर लग्नं राहिली! पण संध्याकाळचा तो एक ग्लास, आणि 'पाऊस येईल का रे?' 'येईल की' एवढं बोलणं, यावर ती माणसं जगतात. ते कुठल्या नियमात बसवायचं?

बरं, मी काही नुसता धंद्यावर टपलेला माणूस नाही हो. पबाच्या वर माझी आई राहते, अट्रॅक्टा. चौऱ्याऐंशी वर्षांची, फुफ्फुसं पार झिजलेली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, 'फिंटन, हिला हे झालं तर मला नको, फादरना बोलाव.' म्हणजे पब उघडला तर आई जाणार, नाही उघडला तर पब जाणार. आणि आई? ती जिन्यावर काठी आपटतेय... 'अरे, तुझा बाप वर्षात दोनच दिवस दार लावायचा, नाताळ आणि गुड फ्रायडे! आणि गुड फ्रायडेलासुद्धा मागचं उघडं असायचं! भित्रा कुठला!'

शेवटी म्हटलं, मरू दे, शिजवतो! डुकराचं मटण, कोबी, बटाटे. शिजवणार कोण, तर मी! अंडं उकडताना भांडं जाळणारा! पहिल्याच संध्याकाळी त्या सहांतला बार्टली आला ट्रॅक्टरवरून.

'फिंटन, एक ग्लास दे.'

'आधी जेवा.'

'दुपारी एकला जेवलो की.'

'परत जेवा. नियम आहे.'

'दिवसातून दोनदा? मी काय तुला डब्लिनचा वाटलो?'

आता आमच्याकडे जेवण म्हणजे दुपारचं, संध्याकाळी फक्त चहा-पाव. त्यात बदल म्हणजे धर्म बुडाला! सहाही जणांनी मुकाट्यानं ताटाचे पैसे दिले, ताट समोर घेतलं, आणि हात कुणी लावला नाही. पोलीस सार्जंट डोकावला, सहा ताटं बघून खूश... 'शाब्बास फिंटन, नियम म्हणजे नियम!' जेवलं कोण, हे विचारतो कोण?

तेवढ्यात जिन्यावर पावलं. आई! रविवारचा कोट, ओठांना लाली. म्हटलं, 'आई, वर जा!' 'गप रे!' आणि थेट बार्टलीशेजारी जाऊन बसली. तो काहीतरी बोलला आणि ती हसली हो! कित्येक महिन्यांनी तिचं हसणं ऐकलं. आणि मी गाढव, तिला वर न्यायचं सोडून बघत उभा राहिलो.

आणि बार्टली खोकला.

साधासुधा नाही, फळीवरच्या बाटल्या हलाव्यात असा. बार्टली लाल होत म्हणतो, 'काही नाही, काही नाही... बटाटा अडकला घशात.' सगळ्यांनी वळून त्याच्या ताटाकडे पाहिलं. बटाटा जागेवर! काटासुद्धा टोचलेला नाही!

तुम्हाला सांगतो, हातातले ग्लास ओढून घेतले, सगळ्यांना बाहेर काढलं, आईला उचलून वर नेलं, ती पाठीत बुक्के मारतेय, आणि खाली येऊन दाराला कुलूप! या खेपेला सरकारचं नाही, माझं.

बार्टलीला काही झालं नव्हतं. गवताची धूळ! तपासणीत ठणठणीत निघाला, आईही ठणठणीत. मग बंद पबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी कचेरीत फोन लावला, तर तिथली बाई मधाळ आवाजात म्हणते, 'पण तुम्ही आता जेवण देता ना? मग तुम्ही उघडे आहात.' 'अहो, मी बंद आहे!' 'ते तुमच्या मर्जीनं, सर.' मर्जीनं! 'वरती विचारते, तोवर जरा धीर...' फोन आपटला मी! धीर धरा म्हणे!

आणि आई बोलायची बंद. दार आतून लावून बसली. त्या दिवसांत एकदाच बोलली, 'मला वाचवतोयस ते कशासाठी रे? भिंत बघायला?' तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. याचाच तर संताप येतो हो, दोघांचंही बरोबर आणि घर सुतकात बसल्यासारखं!

आता रोज संध्याकाळी अर्धा ग्लास काळी बियर ओततो, तिच्या दाराबाहेर ठेवतो, आणि जिन्याच्या पायरीवर बसतो. दार किलकिलं होतं, हात बाहेर येतो, ग्लास आत जातो. काल आतून ओरडली, 'फेसच फेस आहे नुसता! बदलून आण!' गेलो खाली, आणला बदलून. काय करता? एवढं एकच गिऱ्हाईक उरलंय हो, आणि ते मला जिवंत हवंय.