तीन नावं आणि चिमूटभर तांदूळ

मंडळी, एक सांगा — दोन माणसं एकदम बोलली, तर आधी गप्प कोणी बसावं? प्रत्येक घरात उत्तर एकच — "समोरच्यानं!" असो. ऐका.

समुद्रकाठचं काजरवेळ गाव. प्रत्येक होडीवर वायरलेस, पण बोलायची वाट सगळ्यांना मिळून एकच. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं, तर किनाऱ्यावर नुसती खरखर! म्हणून गावानं देवळात बसून नेम केला — किनाऱ्यावरून 'ऐकलं' आलं नाही, तर बटण सोडायचं, तीनदा रामनाम घ्यायचं, मग पुन्हा बोलायचं. किती सात्त्विक गाव!

किनाऱ्यावरचा संच सांभाळी चांगुणा. नेमाची बाई. रामनामाशिवाय बटणाला बोट लावत नसे.

एके दुपारी — खर्रर्र! चांगुणा थांबली. राम, राम, राम. पुन्हा खर्रर्र! अहो, सात वेळा! दोन होड्यांवरचे दोघंही भाविक ना! एकाच चालीत तीन नावं, एकाच क्षणी बटण! एकजण जरा कमी भाविक असता तर? पण नाही!

सातव्या खरखरीत तिनं नवऱ्याचा, पदाजीचा, आवाज ओळखला. शब्द एकच कळला — "पाणी!"

"देवा, रागावू नकोस," म्हणाली, आणि ते दोघं नाव घेत होते तेवढ्या फटीत, स्वतः एकही नाव न घेता — बटण दाबलं! जन्मात पहिल्यांदा!

"दोघंही ऐका! शिध्याच्या डब्यातून चिमूटभर तांदूळ घ्या. जितके दाणे, तितकी नावं, मग बोला. पुन्हा आवाज आदळले तर दोन चिमटी!"

पदाजीच्या ओल्या बोटांना चारच दाणे लागले. "चांगुणे, कासवखडकापाशी हाय! फळी फुटली, होडी भरतेय!"

दुसऱ्या होडीवर धर्मा नाखवा. त्याचे सत्तावीस दाणे. सतराव्या नावाला त्यानं हे ऐकलं. "वयनी, मी खडकाच्या पल्याडच हाय! निघालो!" उरलेली दहा नावं त्यानं वाटेत घेतली.

पदाजी छातीभर पाण्यात उभा होता. वाचला!

चांगुणेनं मग विचारलं, "भावजी, तुम्ही मघापासून काय सांगत होता?"

"काय नाय. घरी सांग, आज कुळथाची पिठी कर."

संध्याकाळी चांगुणा देवळात गेली. मोडल्या नेमाचा उपास धरला, आणि देवापुढे तांदळाचा डबा ठेवून गावाला म्हणाली, "आता नेम बदला."

मंडळी, माणूस हाकेवर बुडत होता, धर्माला ऐकू आलं नाही. का? वाईट होता? छे! त्याचं बटण दाबलेलं होतं — पिठीसाठी! आणि आपण? "देव काही बोलतच नाही," रोजची तक्रार! अहो, बटणावरचं बोट उचललंत का कधी?

उचला. दोन क्षण कोणी बोलू नका. मीही नाही.