हाकच बंद करा

चंद्रपूरहून घुग्घुसला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बहीणभाऊ बसले होते. तो कोळसा खाणीत कामाला, ती एका कंपनीत प्रोग्राम लिहिणारी.

"रिना, आमच्या खाणीतली गॅस ओळखून भोंगा वाजवणारी पेटी झाली का तयार?"

"झाली ना, दादा. पण आधी काय होये, गॅस आला की पेटी कॉम्प्युटरले हाक मारते, अन् कॉम्प्युटर जागीच अडकते."

"वा! काऊन?"

"हाक ऐकली, असं तो पेटीले सांगतच नाई. मंग पेटी हाक मारतच राह्यते, अन् हा ऐकतच राह्यते. भोंगा वाजवन कोण?"

"तुमचे साहेब काय म्हणे?"

"त्याईनं लय डोकं लावलं. म्हणे, हाकच बंद करा. केली. कॉम्प्युटर मस्त चालला. टाळ्या पडल्या."

"अन् गॅस आला तर?"

"हेच म्या इचारलं. तर म्हणे, मॅडम, निगेटिव्ह नका बोलू."

"लय शिकलेला माणूस दिसते. मंग?"

"मंग मागच्या रविवारी एकटी जाऊन बसली. 'ऐकलं' म्हणून सांगणारी ओळ टाकली, हाक परत चालू केली, अन् पेटीवर गॅस सोडून पाह्यला. भोंगा असा वाजला का वॉचमन पळत आला."

"साहेब खुश?"

"लय! काल सगळ्याईले सांगून राह्यले होते, चूक मीच शोधली म्हणून."

"अन् तू गप?"

"बोलली असती तर त्याईनं पेटी अडवून ठेवली असती. तुले येत्या सोमवारी खाली उतरायचं आहे ना?"

"हो, उतरायचं आहे."

"खाली भोंगा वाजला तर पळजो, दादा. साहेबाचे आभार मानत थांबू नको."