मागितलं तेवढंच

माहेर माझं पारोळ्याकडचं. लग्न होऊन आले ती थेट सुरतला, गोडादऱ्यात, कापड विननाऱ्या लूमच्या खडखडाटात, इतका खडखडाट की पहिलं वर्षभर आमचं नवरा-बायकोचं भांडन सुद्धा खुणेनंच झालं. हे लूमवर होते, मंग कानानं ऐकू येईना तशी आम्ही मेस काढली, कारागीर लोकांची. रांधायचं मी, वाढायचे हे.

यांचं वाढनं म्हनजे काय सांगू तुम्हाला! जेवनाऱ्यानं ताटावर आडवा हात धरला की हे हाताखालून वाढत. खाय रे भो, तुन्ही माय आठे नही, असं म्हनत, पोरांची माय गावाकडं राहिलेली ना. मढं जरी पंगतीला बसवलं असतं ना, तरी अजून अर्धी भाकर खाऊन उठलं असतं. उरलेलं खाऊन गल्लीतल्या गाई अशा फुगल्या, अशा फुगल्या, की दोघी समोरासमोर आल्या की रिक्षा अडायची. हसू नका, खरं सांगते.

मंग यांच्या गळ्याला आजार झाला. घास उतरेना. मुगाचं पानी मी चमच्यानं पाजायची. मोरीपाशी खाट टाकलेली, तिथं धुवायला येनारी उष्टी ताटं बघत पडायचे. अर्धी भाकर, भाताचा ढीग, सगळं बादलीत. एक दिवस जवळ बोलावलं. आवाज उरलाच नव्हता, ओठावरून समजून घेतलं, लूमच्या दिवसांसारखं. म्हने, विमल, मन्हा गंधमुक्तीले कोनलेच आग्रह करू नको. वचन दे. दिलं.

गेले. गंधमुक्तीच्या, म्हनजे सुतक फिटायच्या जेवनाला वरन-बट्टी केली. वाढनाऱ्या पोरांना सांगितलं, नको म्हनला की पुढं सरकायचं. माझे जेठ, यांचे थोरले भाऊ आप्पा, गावाहून आलेले, ते तापले. भाऊनं नाव बुडावस का, म्हने, लोक म्हनतील नवऱ्यामागं हिचा हात आखडला. आतून बायकाबी कुजबुजल्या. मी म्हटलं, आप्पा, त्यांचाच शब्द आहे.

पंगत बसली. आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक, पहिल्यांदा नकोच म्हनायचं, भूक असो नसो. दुसऱ्या वाढीला सगळ्यांनी हात आडवे धरले, पोरं पुढं सरकली, आनि झालं, अख्खी पंगत अर्धपोटी, पातेली भरलेली, कोनी उठेना, कोनी मागेना. आप्पांची बट्टी कधीच संपली होती. बोटं नुसती ताटात फिरत होती. मला वाटलं, घ्यावी पळी, वाढावं सगळ्यांना, वचन गेलं खड्ड्यात. मेलेल्या मानसाच्या नावानं लोक उपाशी उठवायचे का?

दारात उभी राहून म्हटलं, आप्पा, नको तुम्ही तोंडानं म्हटलं, आता हवं तेबी तोंडानं म्हना.

आप्पांनी जन्मात कोनाकडं पाटावर बसून मागितलं नव्हतं. मान खाली घातली. मंग म्हने, पोरी, अर्धी बट्टी दे. वरन थोडं. आनि रडले. मंग पंगतभर, इकडं भात, इकडं वरन, जो तो मागू लागला. ताटं मोरीत आली ती पुसल्यासारखी. बादली कोरडी.

मेस अजून चालू आहे. नवीन पोरगं आलं की सांगते, इथं कोनी आग्रह करनार नाही, भूक तुझी, तोंड तुझं. गाई बारीक झाल्या, रिक्षा सुसाट जाते. कधी कधी माझाच हात पळीकडं जातो. मंग खाटेची जागा दिसते, थांबते.

तुम्ही मघापासून नको नको म्हनताय. लाजू नका. पोटभर जेवा, सुखी राहा. पन मागा.