दाते कुठे जाणार?

कॉलेजात गेम थिअरी शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण घेतच नाही. माझे सासरे पुरतात.

सासरे आणि दातेजी मेंढीकोटातले जुने भिडू. एकदा दातेजींनी सासऱ्यांचाच हात हुकमाने मारला आणि अबोला सुरू झाला. अडचण एवढीच, की दर रविवारी दोघं कृष्णपुऱ्याच्या एकाच ठेल्यावर पोहे-जलेबी खायचे.

सासरे म्हणाले, "दाते तिथेच जाणार. आपण पोलोग्राउंडला खाऊ." मी स्कूटी काढली. पोलोग्राउंडच्या ठेल्यावर दातेजी पोह्यांवर जीरावन मसाला टाकून घेत उभे!

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी आणखी डोकं चालवलं. "त्याला वाटणार, मी आता परत कृष्णपुऱ्याला जाणार. म्हणजे तो पोलोग्राउंडलाच जाणार. चल कृष्णपुऱ्याला."

कृष्णपुऱ्याला दातेजी होतेच. या वेळी मात्र ते बोलले. "अरे यार, सुकून से पोहे भी नहीं खाने देगा क्या? तू पोलोग्राउंडला असशील म्हणून मी इकडे आलो!"

सासरे विरघळले. "इतका विचार तर माझा घरात पण कोणी नाही करत."

झालं, समेट झाला. दर रविवारी सकाळी नऊला, इथेच, सोबत खायचं ठरलं.

पुढच्या रविवारी नऊ वाजता सासरे घरीच पेपर वाचत बसलेले.

"बाबा, जायचं नाही?"

"दाते नाही येणार. ओळखतो मी त्याला."

मी दातेजींना फोन लावला. तेही घरीच होते.

"बेटा, तो कुठला येतोय? ओळखतो ना मी त्याला."