सोडलेल्या आकाशगंगा

(दुर्बिणीची कार्यशाळा, दुपार. ताई ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरच्या भोकांत एकेक फायबर खोचतायत. शेजारी पीएच.डी. करणारी संशोधक, मांडीवर लॅपटॉप.)

संशोधक : ...म्हणजे एरवी आकाशगंगा घोळक्यानेच राहतात. पण अगदी खेटून असलेल्या जोड्या मोजल्या, की एकदम कमी. जणू एकमेकींना टाळतात.

ताई : टाळतात? कोण म्हणालं?

संशोधक : आकडे! दोन लाख आकाशगंगा आहेत, ताई. सोमवारी प्रबंधाचं सादरीकरण. सर म्हणाले, हाच तुझा शोध.

ताई : अगं, इकडे ये. एक भोक म्हणजे एक आकाशगंगा; तिचा प्रकाश या फायबरमधून मोजणाऱ्या यंत्रात जातो. हे फायबर खोच. बसलं? आता त्याला अगदी चिकटून दुसरं बसव.

संशोधक : जागाच नाही. याच्या टोकाचं टोपण आड येतंय.

ताई : येणारच. म्हणून तिथे दुसरं भोक पाडतच नाहीत. दोघींतली एक घ्यायची, एक सोडायची.

संशोधक : मग सोडलेली?

ताई : ती आहे की आकाशात. तुझ्या यादीत नाही, एवढंच.

संशोधक : हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?

ताई : तीन वर्षांत आज पहिल्यांदा खाली आलीस, बाई. तेही वरचा प्रिंटर बंद पडला म्हणून.

संशोधक : संपलं. अख्खं चौथं प्रकरण पाण्यात.

ताई : लगेच हातपाय गाळू नकोस. एकेका पत्र्यावर आकाशाचा एकेक तुकडा असतो; कडेकडेला दोन पत्र्यांचे तुकडे एकमेकांवर येतात. तिथे एकात राहिलेली दुसऱ्यात घेतात. तेवढाच भाग मोजून बघ.

संशोधक : थांबा हं... लावलंय मोजायला.

ताई : तोवर हे धर. वाकवू नकोस, मोडेल.

संशोधक : आलं! ताई, जोड्या आहेत. कमी कसल्या, भरपूर आहेत! यावरून बाकीच्या आकाशाचा हिशेबही दुरुस्त करता येईल.

ताई : आणि सर?

संशोधक : चिडतील. त्यांनी बाहेर चार जणांना सांगून टाकलंय. पण परीक्षकांनी पकडण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. आलेच फोन करून.

ताई : जा. दार लोटून घे, धूळ येते.

संशोधक : (परत येत) ...बोलले सरांशी.

ताई : ओरडले?

संशोधक : नाही. म्हणाले, ताई किती वाजेपर्यंत असतात, मला ते भोक बघायचंय.

ताई : सहापर्यंत आहे म्हणावं. स्टूल मात्र एकच आहे, त्यांना उभं राहावं लागेल.