न्हाणीतले लांब पाय

मुदखेड स्टेशनवर मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण पान काही उलटलं नाही. शेजारच्या बाकावर आजी, आजोबा आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात होती. आजोबांच्या पिशवीतून कीटकनाशकाची नवी बाटली डोकावत होती. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये म्हणतात, मी ऐकलं.

“आबा, न्हाणीतल्या त्या लांब पायांच्या किड्यांवर औषध मारू नका. कोळी न्हाईत ते.”

“आठ पाय हायेत की!”

“पाय आठ, पण कोळ्याला कंबर असते. याचं डोकं अन् पोट एकच, ज्वारीच्या दाण्यावानी.”

“म्हंजे तुझ्या आज्जीवानी.”

“हासा! माझ्या मानंवर कोळी मुतला, फोड आले, तवा कोण घाबरलं होतं?”

“आज्जी, ते यांचं काम न्हाई. यांना विष न्हाई, जाळं न्हाई. धरलं तर पाय टाकून पळतात बिचारे.”

“अन् घोळका करून झुलतात, ते?”

“दिवसा ओलाव्याला जमतात. माझा प्रोजेक्ट त्यांच्यावरच चालू हाय. तुम्ही मारले तर मी काय लिहू?”

“अंडी घालून घर भरतील की गं.”

“काही जातींत आई अंडी घालून निघून जाते. बाप राखत बसतो.”

“बाप?”

“हाव. मुंग्या हाकलतो, जागचा हलत न्हाई.”

“अवो, ती बाटली द्या इकडं.”

“कशाला?”

“चार लेकरं झाली, एकाचं दुपटं धुतलं न्हाई तुम्ही. राहू द्या त्यांना. न्हाणीत गेलात की बघत जा जरा.”